मैत्रीचा हिशेब : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात मीरा नायर यांच्या ‘मिसिसिपी मसाला’ (१९९१) या चित्रपटावर मी एक टिपण लिहिले होते. वंशभेद, स्थलांतर आणि वसाहतवाद यांच्या छायेत घडणाऱ्या मैत्रीच्या कथा पाहताना त्या दोन मित्रांचा एकमेकांवर किती जीव आहे हे मी नंतर बघतो, त्या मैत्रीची किंमत कोण मोजतो हे आधी बघतो, असे त्यात म्हटले होते. या एका विधानावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. त्यांतल्या काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

“जय हाच त्या चित्रपटातला खरा अन्यायग्रस्त आहे. जन्म युगांडातला, वकिली युगांडात, घरदार तिथेच, आणि एका हुकूमशहाच्या लहरीखातर त्याला बायको-मुलीसह परागंदा व्हावे लागते. आपण मात्र त्याने आपल्या आफ्रिकी मित्राचा निरोप घेतला नाही, एवढ्यावरच बोट ठेवता. हे एकांगी होत नाही का?” – एक निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

जयवर अन्याय झाला याबद्दल वाद नाही. इदी अमीनने जानेवारी १९७१मध्ये लष्करी उठाव करून सत्ता बळकावली आणि ऑगस्ट १९७२मध्ये देशातल्या आशियाई वंशाच्या लोकांनी ९० दिवसांत चालते व्हावे, असे फर्मान सोडले. दुकाने, सरकीचे आणि साखरेचे कारखाने, बंगले, सगळे आहे तसे टाकून ५०,०००हून अधिक माणसे देशोधडीला लागली. त्यांतले बरेच ब्रिटनला गेले, बाकीचे कॅनडा, भारत, जिथे थारा मिळाला तिथे. चित्रपटातला जय फिरत फिरत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रीनवुड नावाच्या गावी नातेवाइकांच्या मोटेलात येऊन पडतो आणि जप्त झालेली मालमत्ता परत मिळावी म्हणून युगांडा सरकारला वर्षानुवर्षे अर्ज लिहीत बसतो. जयची भूमिका करणाऱ्या रोशन सेठ यांनी ही अर्ज लिहिणारी मान आणि तो ताठा फार नेमका पकडला आहे.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा होता. जय युगांडाला आपला देश म्हणतो आणि त्यात खोटे काही नाही. पण त्या देशात त्याच्या वाट्याला प्रशस्त घर व बाग आली आणि बालमित्र ओकेलोच्या वाट्याला आली नाही, याचे कारण दोघांच्या जन्माआधीच ठरून गेले होते. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग ब्रिटिशांनी १८९६ ते १९०१ या काळात बांधला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर करारावर नेले आणि त्यांपैकी २,५००च्या आसपास तिथेच मेले. उरलेल्यांतले बहुतेक मजूर परत फिरले, परंतु त्याच सुमारास आणि पुढेही गेलेले गुजरात, कच्छ, काठेवाडचे व्यापारी टिकून राहिले. राज्यकारभार आणि उत्तम जमीन साहेबाकडे, दुकानदारी व कारकुनी हिंदी माणसाकडे, आणि घाम गाळण्याचे काम आफ्रिकी माणसाकडे, अशी ती उतरंड होती. साहेब लांब क्लबात असे. आफ्रिकी शेतकऱ्याला रोज भेटणारा दुकानदार, उधारी देणारा आणि मुकादम हिंदी चेहऱ्याचा असे. अमीनने त्या रागाचा वापर किती नीचपणे केला हे आपण जाणतोच, पण तो राग त्याने आभाळातून पैदा केलेला नव्हता.

जय तुरुंगातून सुटतो तेव्हा त्याला घरी घेऊन येणारा ओकेलो असतो. आफ्रिका आफ्रिकी माणसांची आहे, काळ्या आफ्रिकी माणसांची, तू इथून निघ, असे तोच सांगतो. जयच्या मनात त्यातला नकार तेवढा रुतून बसतो. मित्राने जीव वाचवण्यासाठी उच्चारलेले शब्द त्याला घराबाहेर काढणारे वाटतात, आणि ओकेलो दारात उभा असताना तो त्याच्याकडे पाठ फिरवतो. जयची लहानगी मुलगी मीना मात्र ओकेलोला बिलगते. पुढे जवळजवळ दोन दशकांनी जय कंपालाला जातो, तेव्हा ओकेलो १९७२ सालीच मारला गेल्याचे त्याला कळते. अमीनच्या राजवटीत ठार झालेल्यांत बहुसंख्य लोक आफ्रिकीच होते, ही गोष्ट आपल्याकडे या विषयावर बोलताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जयने घर गमावले, ओकेलोने जीव गमावला, आणि इतकी वर्षे रुसून बसण्याचा हक्क जय स्वतःकडे धरून होता. मी बोट ठेवले ते यावर.

तोच जय ग्रीनवुडमध्ये मुलीचे प्रेम गालिचे धुण्याचा धंदा करणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणावर, डिमिट्रियसवर, बसले आहे हे कळताच काय करतो, हेही पाहावे. त्याआधी एक धमाल प्रसंग आहे. मीनाच्या हातून डिमिट्रियसच्या गाडीला ठोकर बसते, तो कोर्टात जाईल या धास्तीने मोटेलवाल्या मंडळींपैकी एक जण त्याच्यापाशी येऊन सांगू लागतो की काळे, सावळे, पिवळे आपण सगळे एकच, गोरे नसलो म्हणजे झाले. दावा लागण्याची भीती असेपर्यंत टिकणारा हा बंधुभाव मुलीचा प्रश्न येताच कुठल्या कुठे पळतो. बिलॉक्सीच्या मोटेलात दोघे सापडल्यावर बभ्रा होतो, डिमिट्रियसची गिऱ्हाइके तुटतात आणि बँक कर्जासाठी त्याच्यामागे लागते. तो जयला जाब विचारायला येतो, स्वतःच्या गालावर बोट ठेवतो आणि तुमच्या-माझ्या रंगात फरक तो कितीसा, असे विचारतो, तेव्हा या वकिलाकडे उत्तर नसते. (या मोटेलवाल्यांच्या गोतावळ्यात आपले मोहन आगाशे आणि मोहन गोखले आहेत, हे ज्यांच्या नजरेतून सुटले असेल त्यांनी पुन्हा पाहावे. दोघांनी छोट्या भूमिकांत बहार आणली आहे.)

एकांगीपणाचा आरोप करायचाच तर तो चित्रपटावर करता येईल. ओकेलो आपल्याला भेटतो तो बराचसा जय आणि मीना यांच्या आठवणींतून. बापलेकीच्या मनात त्याचे काय स्थान होते हे कळते; त्याच्या मनात या कुटुंबाविषयी काय काय साठले होते, कधी अढी होती की नाही, याचा थांग लागत नाही. मधल्या पायरीवर उभे राहून खालच्या पायरीची गोष्ट सांगताना असे होतेच. ती पायरी सोडून खाली येऊन उभे राहणारे हिंदी लोकही पूर्व आफ्रिकेत होते. नैरोबीत जन्मलेले गोमंतकीय पिओ गामा पिंटो यांनी केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात स्वतःला झोकून दिले, ब्रिटिशांनी १९५४मध्ये त्यांना स्थानबद्ध केले, आणि केनिया स्वतंत्र झाल्यावर २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीतच त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यांच्यावर कोणी कथापट काढला तर जयच्या गोष्टीची दुसरी बाजू पडद्यावर येईल.

“‘ग्रीन बुक’ पाहून मी आणि माझे यजमान दोघेही रडलो. एक अडाणी, पूर्वग्रहदूषित गोरा माणूस एका कृष्णवर्णीय कलावंताच्या सहवासात बदलतो, यात आपल्याला खटकण्यासारखे काय आहे? माणसे मैत्रीने बदलत नसतील तर मग कशाने बदलणार?” – एक प्राध्यापिका, कोल्हापूर

रडू येण्यात गैर काही नाही. त्या कलावंताच्या भूमिकेतले महेर्शाला अली पावसात भिजत उभे राहून आपण धड काळ्यांचे नाही, धड गोऱ्यांचे नाही असे सांगतात तो प्रसंग दगडालाही पाझर फोडेल. चित्रपट उत्तम बांधलेला आहे आणि २०१९च्या फेब्रुवारीत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, याचे मला आश्चर्य वाटले नाही.

सुरुवातीचा एक छोटा प्रसंग आठवून पाहा. त्या गोऱ्या माणसाच्या, म्हणजे पुढे या कलावंताचा चालक होणाऱ्या टोनीच्या, घरी दोन कृष्णवर्णीय कामगार दुरुस्तीला आलेले असतात. त्याची बायको त्यांना पाणी देते, ते निघून गेल्यावर टोनी ते दोन ग्लास चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकतो, आणि नंतर बायको ते मुकाट्याने बाहेर काढून ठेवते. वेगळी कपबशी ज्या समाजाला ठाऊक आहे त्या समाजातल्या प्रेक्षकाला हे दृश्य उपशीर्षकाविना कळते. मला वाटले होते, चित्रपट आता याचा पाठपुरावा करणार. तो करत नाही. टोनीच्या मनातली ती किळस कुठून आली, ती कोणी शिकवली, त्या ग्लासांतून पाणी पिणाऱ्यांना ते कधी कळले का, यातले काहीही पुढे येत नाही. दोन महिन्यांचा प्रवास होतो आणि किळस गळून पडते.

ज्या पुस्तिकेवरून चित्रपटाचे नाव आले ती हार्लेममधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६पासून काढलेली होती. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे जेवता येईल, कुठे मुक्काम करता येईल, कुठल्या पेट्रोल पंपावर अपमान होणार नाही, याची ती यादी असे, आणि ती तीस वर्षे चालली, कारण तितकी वर्षे तिची गरज होती. हजारो कुटुंबांनी ती गाडीत जवळ बाळगून जीव मुठीत धरून प्रवास केला. चित्रपटात ती गोऱ्या चालकाच्या हातात दिसते आणि त्याच्या शिक्षणाचे साधन बनते. त्यातच पुन्हा तळलेली कोंबडी कशी खावी हे टोनी या कृष्णवर्णीय पियानोवादकाला शिकवतो. काळे असणे म्हणजे काय, याचा धडा काळ्या माणसाला गोऱ्याकडून मिळावा, ही गंमत पटकथाकारांना खटकली नाही. पटकथाकारांपैकी एक टोनीचे चिरंजीव होते, हे इथे सांगितले पाहिजे. मुलाने बापाची गोष्ट प्रेमाने सांगितली, ते समजू शकते. पियानोवादक डॉन शर्ली यांच्या नातेवाइकांना मात्र आपल्याला कोणी विचारलेच नाही, असे जाहीरपणे म्हणावे लागले.

१९८९ साली अमेरिकेत दोन चित्रपट आले. ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’मध्ये एक वृद्ध ज्यू बाई आणि तिचा कृष्णवर्णीय चालक यांची वीस-पंचवीस वर्षांची मैत्री आहे, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. स्पाइक ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ला त्या पुरस्कारासाठी नामांकनही मिळाले नाही. ब्रुकलिनमधल्या एका गल्लीत, अंगाची लाही करणाऱ्या एका दिवसात तो घडतो. सॅल या इटालियन वंशाच्या माणसाचे पिझ्झाचे दुकान काळ्या वस्तीत आहे, गिऱ्हाइके जवळजवळ सगळी काळी, आणि भिंतीवरच्या तसबिरी सगळ्या इटालियन-अमेरिकनांच्या. एक गिऱ्हाईक विचारते की आमच्यापैकी कोणाचाच फोटो का नाही. सॅल म्हणतो, दुकान माझे आहे. एवढ्यावरून दिवस पेटत जातो. सॅल दुष्ट नाही, पोरे आपल्या हातचे खाऊन मोठी झाली याचा त्याला अभिमान आहे, आणि पिझ्झा पोहोचवणारा मूकी त्याला मुलासारखा वाटतो. तरीही रात्री पोलीस ‘रेडिओ रहीम’ नावाच्या तरुणाचा गळा आवळून जीव घेतात तेव्हा मूकी कचऱ्याचा डबा उचलतो आणि मालकाच्या काचेवर भिरकावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाच मूकी जळलेल्या दुकानापुढे येऊन आठवड्याचा पगार मागतो, २५० डॉलर. सॅल संतापून नोटांचे बोळे त्याच्या अंगावर फेकतो. दोघांना एकमेकांविषयी काहीतरी वाटते हे त्या क्षणीही दिसते आणि मेलेला माणूस परत येणार नाही हेही दिसते. मैत्रीने माणूस बदलतो, हे मला मान्य आहे. पण ‘ग्रीन बुक’मधला टोनी बदलला तेव्हा त्याला काय सोडावे लागले, असे स्वतःला विचारून पाहावे. मला उत्तर सापडले नाही. नाताळच्या जेवणाला एक पान वाढले, इतकेच.

“माझी आई माझ्या लहानपणी आखातात एका घरी कामाला होती. ती तिथल्या मालकिणीविषयी कधी वाईट बोलली नाही आणि चांगलेही बोलली नाही. अशा बाईची गोष्ट सांगणारा चित्रपट आहे का?” – एक वाचक, म्हापसा

आहे, आणि तो आपण पाहावाच, पण आईंबरोबर पाहायचा की नाही हे आधी एकट्याने पाहून ठरवावे.

सेनेगलचे उस्मान सेम्बेन मार्सेच्या बंदरात हमाली करत लेखक झाले. पुस्तके लिहिली तरी आपल्या देशातले बहुसंख्य लोक ती वाचू शकत नाहीत, या जाणिवेने त्यांनी चाळिशीच्या आसपास मॉस्कोला जाऊन चित्रपटाचे शिक्षण घेतले. फ्रेंच नावाचा सरळ अर्थ ‘अमक्याची काळी बाई’ असा होईल असा ‘ला न्वार द...’ हा त्यांचा १९६६चा चित्रपट जेमतेम तासाभराचा आहे. डाकारमधली दिउआना नावाची तरुणी एका फ्रेंच कुटुंबाकडे मुले सांभाळते, आणि ते कुटुंब फ्रान्सला परतल्यावर त्यांच्यामागे समुद्रकाठच्या आंतीब या गावी जाते. तिची निवड कशी होते ते पाहा. काम मिळावे म्हणून बाया रस्त्याच्या कडेला बसलेल्या असतात. मडम येताच सगळ्या तिच्याभोवती गर्दी करतात, दिउआना तेवढी जागची हलत नाही, आणि मडम नेमकी तिलाच पसंत करते. गरजू न दिसणारी मोलकरीण सर्वांना हवी असते.

आंतीबला गेल्यावर मुले सांभाळण्याचे काम बाजूला राहते आणि स्वयंपाक, धुणे, फरशी असे सगळे तिच्यावर पडते. फ्रान्स तिला खिडकीतून दिसतो. ती चांगला झगा आणि उंच टाचांचे बूट घालून फरशी पुसते, कारण तिने कल्पिलेल्या फ्रान्समध्ये बायका तशाच वावरत असतात. मडम तिच्या हातात ॲप्रन देते आणि बूट काढायला लावते. जेवायला आलेला एक पाहुणा उठून तिचा मुका घेतो, काळ्या बाईचा मुका कधी घेतला नव्हता म्हणून. आईचे पत्र येते. दिउआनाला वाचता येत नाही, म्हणून साहेब ते वाचून दाखवतो आणि तिला न विचारता तिच्या वतीने उत्तरही लिहू लागतो. ती ते पत्र टराटरा फाडते.

या घरात एक मुखवटा आहे. डाकारला नोकरी लागली त्या आनंदात दिउआनाने तो मालकिणीला भेट दिलेला असतो. तिथे तो इतर आफ्रिकी वस्तूंच्या गर्दीत टांगलेला होता, इथे पांढऱ्या भिंतीवर एकटा लटकतो आहे. एके दिवशी ती तो भिंतीवरून काढून घेते, मडम तो तिच्या हातून ओढू लागते आणि दोन बायकांची त्या लाकडी मुखवट्यासाठी झटापट होते. भेट एकदा दिली की ती मालकीची झाली, हा मडमचा कायदा आहे. भेट मी माणूस समजून दिली होती, हे दिउआनाचे म्हणणे आहे, आणि ते तिला कोणाला सांगता येत नाही. शेवटी ती त्या घराच्या न्हाणीघरात जीव देते. साहेब तिची पेटी, मुखवटा आणि थकलेला पगार घेऊन डाकारला तिच्या आईकडे जातो. आई पैशांना हात लावत नाही.

आपल्या आईंचे मौन दिउआनाच्या मौनासारखेच असेल, असे मी म्हणणार नाही. आखातातल्या कफाला पद्धतीत कामगाराचा व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला असतो, नोकरी सोडायची तर अनेकदा देशच सोडावा लागतो, आणि त्यामुळे चांगली मालकीणसुद्धा शेवटी किल्ली स्वतःकडे असलेली बाई ठरते. अशा कामासाठी आखातात जाणाऱ्या भारतीय स्त्रीचे वय किमान ३० असावे असा आपल्या सरकारचा दंडक आहे. त्याचा उपयोग किती होतो आणि चोरवाटा किती निघतात, हे किनारपट्टीवरच्या गावांना जास्त माहीत असेल.

आपण गोव्याचे आहात म्हणून आणखी एक सुचवतो. श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (१९८५) पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दिवसांतल्या एका जमीनदार घराची कथा सांगतो आणि तो लोटलीच्या एका जुन्या घरातच चित्रित झाला. त्यात मिलाग्रेनिया नावाची मोलकरीण आहे. ती त्याच घराच्या मालकाची अनौरस मुलगी आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. तिच्यावर नजर ठेवून मी हा चित्रपट पाहिला तेव्हा मुक्तीच्या आणि राजकारणाच्या सगळ्या चर्चा मागे पडल्या.

“वंशभेद हा गोऱ्यांचा रोग आहे. मराठी मासिकाने त्यावर पानेच्या पाने का खर्चावीत?” – एक वाचक, पुणे

जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. हा विषय आपला आहे की नाही, याचा निर्णय पुण्यातच दीडशे वर्षांपूर्वी झाला आहे. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नावही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. आणि रोग गोऱ्यांचाच असता तर २०१७च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मॉलमध्ये शिरून बदडले नसते.

“आपण सगळ्याच मैत्रींत खोट काढता. साम्राज्याच्या काळातली एखादी निर्मळ मैत्री पडद्यावर आपल्याला दिसलीच नाही का?” – एक वाचक, सोलापूर

दिसली. अकिरा कुरोसावा यांनी सोव्हिएत संघात जाऊन केलेला ‘देर्सू उझाला’ (१९७५). आर्सेन्येव्ह हा झारच्या सैन्यातला कप्तान रशियाच्या अतिपूर्वेकडल्या उसूरीच्या जंगलांची मोजणी करायला आलेला असतो, आणि त्याला देर्सू हा एकटा राहणारा, नानाई या तिथल्या आदिवासी जमातीतला शिकारी वाटाड्या म्हणून भेटतो. आपले कुटुंब देवीच्या साथीत गमावलेला हा म्हातारा अग्नीला, पाण्याला, वाघाला माणसे म्हणतो आणि शिपाई त्याला हसतात. एका मोडक्या झोपडीत रात्र काढल्यावर निघताना तो छप्पर दुरुस्त करतो आणि कप्तानाकडे थोडे तांदूळ, मीठ आणि काडेपेटी मागतो. कशाला, तर पुढे कोणी वाटसरू येईल त्याच्यासाठी ठेवायला. कप्तान त्याला त्या क्षणी ओळखतो आणि आपणही. गोठलेल्या सरोवरावर वादळ गाठते, अंधार पडत असतो, तेव्हा देर्सू वेड्यासारखे गवत कापत सुटतो, कप्तानालाही कापायला लावतो आणि त्या गवताच्या खोपटात दोघांचे प्राण वाचतात. चित्रपटाच्या इतिहासात श्रमाचे इतके थरारक चित्रण मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

ही मैत्री निर्मळ आहे. कप्तानाच्या मनात स्वार्थ नाही, तुच्छता नाही, आणि नजर अधू झालेल्या देर्सूला तो शहरात स्वतःच्या घरी नेऊन ठेवतो. देर्सूला तिथे राहवत नाही, पाण्याचे पैसे द्यावे लागतात हे पाहून तो चक्रावतो. तो परत जंगलात जायला निघतो तेव्हा कप्तान त्याला नवी कोरी रायफल भेट देतो. त्या रायफलीच्या लोभाने कोणीतरी त्याचा खून करतो. मित्राने दिलेल्या उत्तमातल्या उत्तम वस्तूनेच त्याचा घात होतो. आणि कप्तान ज्या मोजणीसाठी आला होता, त्या मोजणीमागून वसाहती आल्या. चित्रपटाच्या आरंभी तो देर्सूची कबर शोधत येतो, तेव्हा तिथे झाडे तोडून गाव उभे राहत असते आणि कबर सापडत नाही.

कुरोसावा कोणालाही दोष देत नाहीत, हे या चित्रपटाचे मोठेपण मी मानतो, पण कप्तानाच्या नकाशाचे पुढे काय झाले हे ते प्रेक्षकापासून लपवतही नाहीत. देर्सूचे काम करणारे माक्सिम मुंझूक हे तुवा प्रांतातले नट होते. त्यांच्या चालण्याकडे बघत राहावे, पाऊल कुठे टाकायचे याचा निर्णय ते प्रत्येक पावलाला घेतात.

“आमच्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांना दर महिन्याला एक चित्रपट दाखवतो. या विषयावरचा, मुलांना झेपेल असा एखादा सुचवाल का?” – एक शिक्षिका, रत्नागिरी

जकरिया मोहम्मद यांचा मल्याळी चित्रपट ‘सुदानी फ्रॉम नायजेरिया’ (२०१८) दाखवा. वर सांगितलेले बहुतेक चित्रपट या वयासाठी जड आहेत. यात हसू भरपूर आहे आणि फुटबॉल आहे.

मलप्पुरम जिल्ह्यात सात-सात खेळाडूंचे फुटबॉल सामने फार लोकप्रिय आहेत आणि त्यात आफ्रिकी खेळाडू मोबदल्यावर खेळतात. मजीद हा कफल्लक संघचालक अशा एका संघाचे गाडे कसेबसे ओढत असतो. त्याचा नायजेरियाचा खेळाडू सॅम्युअल जायबंदी होतो, इस्पितळाचा खर्च परवडत नाही, म्हणून मजीद त्याला घरी आणून खाटेवर टाकतो. घरात मजीदची आई आणि शेजारची एक म्हातारी. त्यांना इंग्रजी येत नाही, सॅम्युअलला मल्याळम येत नाही, आणि शुश्रूषा अखंड चालू राहते. गावकरी त्याला सुदानी म्हणत राहतात; तो नायजेरियाचा आहे हे सांगून थकतो. मुलांना हा विनोद पहिल्यांदा नुसता विनोद वाटेल. नंतर, सॅम्युअल भारतात कसा आणि का आला, त्याच्या पासपोर्टची भानगड काय, आणि गावी आजीच्या आधारावर त्याची कोण माणसे जगत होती हे उलगडते, तेव्हा वर्गातला आवाज आपोआप उतरतो. मजीद त्याला घरी आणतो यात दया किती, संघाचा स्वार्थ किती आणि पोलिसांची धास्ती किती, हे दिग्दर्शकाने सरमिसळच ठेवले आहे. मला तेच आवडले. मजीदचे स्वतःच्या सावत्र वडिलांशी जे तुटक वागणे आहे तेही याच घरात घडते, आणि परक्या देशातल्या माणसाला खाटेवर जागा देणारा हा मुलगा घरातल्या माणसाला बसायला सांगत नाही.

एक व्यावहारिक सूचना. दोन तासांचा चित्रपट दोन भागांत दाखवू नका, शनिवारी सकाळच्या शाळेनंतर सलग दाखवा. मल्याळम कळत नाही म्हणून मुले कुरकुरतील, पण दहा मिनिटांत उपशीर्षकांना सरावतील. इंग्रजी उपशीर्षके वेगाने वाचता न येणारी मुले असतील तर त्यांच्या शेजारी वाचता येणाऱ्यांना बसवा.

आणि नंतर चर्चा घेताना त्यांना हेही सांगा. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर सॅम्युअलचे काम करणारे नायजेरियन नट सॅम्युअल रॉबिन्सन यांनी आपल्याला कमी मानधन दिले गेले आणि त्यामागे वंशभेद आहे, अशी जाहीर तक्रार केली होती. पुढे निर्मात्यांनी त्यांना आणखी रक्कम दिली, आणि तो गैरसमज होता, वंशभेद नव्हता असे सांगून त्यांनी वाद मिटवला. दोन्ही गोष्टी मुलांपुढे ठेवा आणि मानधन ठरवताना काय काय विचारात घ्यायला हवे होते, याची यादी त्यांनाच फळ्यावर करू द्या. दहावीच्या मुलांना पैशांचे व्यवहार आपल्याला वाटते त्यापेक्षा चांगले कळतात.